वटारची कॉलरवाली

प्रिस्का तुस्कानो नऊ वर्षं शर्टांच्या कारखान्यात नोकरी करत होती आणि तिला शर्ट शिवता येत नव्हता. वाचणाऱ्याला ही थट्टा वाटेल, पण यात थट्टा काही नाही. तिला कॉलर शिवता येत होती. कॉलर म्हणजे फक्त कॉलर. बाही दुसरीकडे, कफ तिसरीकडे, बटनपट्टी चौथीकडे, आणि तयार कॉलर गळ्याला जोडायचं कामसुद्धा पुढच्या मशीनवरच्या बाईचं. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या गाळ्यात एका टोकाने कापडाचे तुकडे शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने घडी घातलेले शर्ट बाहेर पडायचे. मधल्या बायकांनी मिळून तो शर्ट शिवलेला असायचा, पण त्यातल्या एकीलाही तो एकटीने शिवता आला नसता.

प्रिस्काची कॉलर मात्र बघण्यासारखी होती. कॉलर उलटवताना बहुतेक जण कात्रीने आतून ढोसतात, मग टोक बोथट तरी होतं नाहीतर कापड तरी फाटतं. प्रिस्का टोकापाशी शिवणीत एक सुटा दोरा अडकवून ठेवायची आणि कॉलर उलटवली की तो हलकेच ओढायची. टोक असं बाहेर यायचं की बोटाला टोचावं. ही युक्ती तिची तिने शोधली होती आणि कुणाला दाखवली नव्हती. कारखान्याचे मालक सदानंद पाठारे, म्हणजे पाठारेसाहेब, गिऱ्हाईक आलं की त्याला थेट तिच्या मशीनपाशी आणायचे आणि सांगायचे, "ही आमची कॉलर." प्रिस्का म्हणायचे नाहीत, कॉलर म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, तेव्हा तिला ते आवडायचं. घरी येऊन ती नवऱ्याला, क्लेमेंटला, ते जसंच्या तसं सांगायची. क्लेमेंट केळीच्या वाडीत राबून आलेला असायचा. तो म्हणायचा, "मग मी काय, बटन?"

सत्त्याण्णव साली तिच्या नणंदेच्या, विनीच्या, मुलीचं पहिलं कम्युनियन आलं. चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळतो तो हा दिवस. मुली त्या दिवशी पांढऱ्या फ्रॉकमध्ये नटतात आणि गावातल्या बायका प्रार्थना कमी आणि फ्रॉक जास्त बघतात. विनी पांढरं सॅटिनचं कापड घेऊन हजर झाली.

"वहिनी, अँजेलिनाचा फ्रॉक तू शिव. घरात शिंपीण असताना बाहेर कशाला द्यायचा?"

"मला येत नाही गं विनी," प्रिस्का म्हणाली.

विनीला वाटलं, वहिनी भाव खाते. "शिवायचा नसेल तर तसं सांग. येत नाही म्हणून काय सांगतेस? इतकी वर्षं तिथे जाऊन काय गोट्या खेळतेस?"

खरं सांगितलं तर कुणाला पटत नव्हतं. प्रिस्काला राग आला, आणि रागाच्या भरात तिने कापड ठेवून घेतलं. तिथेच ती फसली.

ती बसली सासूच्या जुन्या पायमशीनवर. आधी काय करायचं? तिच्या हाताला एकच सुरुवात ठाऊक होती. तिने गोल कॉलर शिवली. अशी सुरेख, की क्लेमेंटसुद्धा चहाचा कप हातात धरून बघत राहिला. मग त्या कॉलरच्या मापाने तिने फ्रॉकचा गळा कापला. मग खांदे, मग बाह्या, मग घेर, सगळं जमेल तसं जोडलं. फ्रॉक दांडीवर लावल्यावर छानच दिसत होता. अँजेलिनाच्या डोक्यावरून घालायला गेली तेव्हा तो कपाळावर अडकला. कारखान्यात शर्ट पुढून उघडा असतो, त्याची उघडी बाजू दुसरीच कुणीतरी शिवते, त्यामुळे कपड्यात माणसाने शिरायचं कुठून हा विचार प्रिस्काने नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता. गळा कॉलरएवढाच, मागे फट नाही, बटन नाही. पोर आत सॅटिनमध्ये गुरफटून भोकाड पसरून रडते आहे, विनी वरून ओढते आहे, प्रिस्का खालून ओढते आहे, आणि क्लेमेंट हसू दाबत अंगणात पळाला आहे, असं ते दृश्य होतं. शेवटी कात्रीने कॉलर कापावी लागली. ती सुरेख कॉलर.

फ्रॉक आयत्या वेळी पापडी गावच्या शिंप्याकडून आला. कम्युनियन थाटात झालं. पण तिच्या गावात, वटारला, कुणाच्या घरात काय शिजलं हे शेजारी वासावरून सांगतात, तिथे ही गोष्ट लपते कशाला? पुढचे कित्येक रविवार चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय प्रिस्का, डोक्याला वाट ठेवलीस का?" ती हसून घ्यायची. आत जळत होती. कारण हसणाऱ्या एकालाही कळत नव्हतं ते तिला आता कळलं होतं. आपल्याला काम येतं असं आपण समजत होतो. आपल्याला पाठारेसाहेबांच्या लाईनीतली एक जागा येते, बस. ती लाईन उद्या उचलली तर आपण कोण?

आणि लाईन उचलायच्या गोष्टी तर रोज कानावर येत होत्या. वसाहतीतले गाळे एकेक करून सिल्वासाला नाहीतर दमणला चालले होते. तिकडे कर माफ, जागा स्वस्त. शेजारचा प्लॅस्टिकच्या डब्यांचा कारखाना बघता बघता गेला आणि तिथल्या बायका दुसऱ्या सोमवारी कुलूप बघून परत फिरल्या.

प्रिस्का साहेबांच्या केबिनमध्ये गेली. कारखान्यात अख्खा शर्ट एकट्याने शिवणारा एकच माणूस होता, हिलरी मास्तर. नवीन गिऱ्हाईकाला दाखवायचा पहिला शर्ट, म्हणजे सॅम्पल, ते करायचे. त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. मास्तरांचे डोळे अधू झाले होते आणि ते लवकरच घरी बसणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, मास्तरांच्या हाताखाली मला बसवा," ती म्हणाली. "मला अख्खं काम शिकायचं आहे."

पाठारेसाहेब माणूस वाईट नव्हता. नाताळला तिच्या घरी केकचा डबा पाठवणारा, कुणाच्या घरी आजारपण आलं की चौकशी करणारा. ते हसले. "अगं, तू तिकडे गेलीस तर कॉलर कोण करणार? तुझ्यासारखी कॉलर या पट्ट्यात कोणी करत नाही. तू आहेस तिथेच बरी आहेस."

"कॉलर मी दुसरीला शिकवीन."

हसू मावळलं. "नको. आणि स्पष्टच सांगू? एखादीला सगळं शिकवलं की ती उद्या दुसऱ्याच्या दारात उभी राहते. हे मी भोगलेलं आहे. ज्याने त्याने आपल्या मशीनवर बसावं."

ती बाहेर आली ती तणतणतच. म्हणजे काम वाईट केलं असतं तर हलवली असती. चांगलं केलं म्हणून जागची हलायची नाही. हे कुठलं बक्षीस? खुंटीला बांधायचं आणि वरून पाठीवर थाप मारायची!

त्याच आठवड्याच्या सुट्टीला ती गोखिवऱ्याला गेली. तिथे शाळेच्या गणवेशांचा एक कारखाना नवीन सुरू झाला होता आणि तो बघायची उन्नती नावाची एक बाई, कारखान्याची मॅनेजर, प्रिस्काहून वयाने लहान, बोलायला तोडून टाकल्यासारखी.

"काय येतं तुम्हाला?"

"कॉलर. नऊ वर्षं करते आहे."

"आणि?"

"कॉलरच," प्रिस्का म्हणाली.

"ताई, आमच्याकडे लाईन नाही. एका बाईला एक गणवेश पहिल्या शिवणीपासून शेवटच्या काजापर्यंत करावा लागतो. तुमची नऊ वर्षं खरी आहेत, पण ती तिथलीच आहेत. ती इकडे आणता येत नाहीत." उन्नतीने हे रागाने सांगितलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

परतताना नालासोपाऱ्याच्या एसटी स्टँडवर प्रिस्का कठड्यावर बसून रडली. भर गर्दीत, लोक बघत असताना. मग पदराने तोंड पुसून ती उठली आणि मनाशी म्हणाली, बरं. कॉलरच मला अडवते आहे ना? मग मी ही कॉलर सगळ्यांना वाटून टाकते. बघू मग मला कोण खुंटीला बांधतं.

लोक आपल्या हातातलं कसब झाकून ठेवतात, आणि त्यात त्यांची चूकही नसते. प्रिस्काने उलटंच केलं. तिच्या पलीकडच्या मशीनवर अर्नाळ्याची जयवंती होती, काज करणारी. कोळीवाड्यातली, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. जेवणाच्या सुट्टीत प्रिस्काने तिला आपल्या मशीनपाशी ओढत आणलं आणि दोऱ्याची युक्ती दाखवली.

जयवंती बघतच राहिली. "तू येडी का काय गं? आपल्या हातातलं कोन दुसरीला देतं?"

"फुकट देत नाही. तू मला काज शिकव."

"आनि मी कॉलर शिकून काय करू? साहेब काय मना दोन पगार देनार?"

"साहेब गेला तर तुला पगार देणारा कुणीतरी लागेल ना?"

जयवंतीने डबा बाजूला सारला आणि मशीनवर बसली.

वटारला भातलावणीच्या दिवसांत ज्याचं त्याने लावलं असं होत नाही. आज सगळ्या जणी तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या शेतात. कुणी हिशेब ठेवत नाही, पण दिवस फेडल्याशिवाय कुणी राहतही नाही. प्रिस्काने तीच रीत कारखान्यात आणली. कॉलर घे, कफ दे. काज घे, बाही दे. डबे पटापट संपायला लागले. महिनाभरात लाईनीतल्या पाच-सहा बायका जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या जागेवर बसलेल्या दिसायला लागल्या. सुरुवातीला शिवणी वाकड्या आल्या, बाह्या उलट्या लागल्या, जयवंतीने एकदा कॉलरला काज पाडलं. पण हसू किती यायचं! जेवणाच्या सुट्टीत त्या गाळ्यात एवढं हसू पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यानेच घात केला. साहेबांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाची घंटा झाली की वीज बंद. मुख्य बटनावर लोखंडी पेटी बसली, तिला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. कारण सांगितलं, धागा वाया जातो. धागा! एवढासा चिंधीवरचा धागा. ज्याला सगळं कळतं त्याच्या तोंडून असलं कारण ऐकलं की प्रिस्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आता?" जयवंतीने विचारलं.

"आता काय? माझ्या सासूच्या मशीनला वीज लागत नाही."

वाडीत केळीचे घड ठेवायची एक कौलारू खोली होती. क्लेमेंटने कुरकुरत घड एका बाजूला रचले आणि पायमशीन उचलून तिथे नेलं. रविवारी मिस्सा सुटली की वटारच्या दोघी तिथूनच यायच्या, जयवंती अर्नाळ्याहून एसटीने यायची, बाकीच्या जमेल तशा. मशीन एक, बायका सहा. एक शिवायची, बाकीच्या बघायच्या आणि चुका काढायच्या. कापड म्हणजे घरातल्या फाटक्या चादरी, क्लेमेंटची जुनी लुंगी, विनीने हळूच आणून दिलेलं एक पडद्याचं कापड. हो, विनी. फ्रॉकची गोष्ट गावभर करणारी तीच होती, आणि मग एका रविवारी तीच दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, मलापण बघू दे." प्रिस्काने तिला आत घेतलं, पण आधी चांगलं सुनावून मगच.

गाडं अडलं ते कापण्यावर. शिवता येत होतं, जोडता येत होतं, पण सपाट कापडातून माणसाचं अंग काढायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा प्रिस्का पापडीला हिलरी मास्तरांच्या घरी गेली. ते नुकतेच घरी बसले होते. साहेबांनी त्यांच्या जागी मुंबईहून एक माणूस आणला होता.

"मी नाही येणार," मास्तर म्हणाले. "मी ज्याच्याकडे शिकलो त्याने मला तीन वर्षं नुसती इस्त्री करायला लावली. तुम्हाला आयतं पाहिजे."

"तुम्हाला तीन वर्षं लावली म्हणून आम्हाला पण लावायची का? मी छत्तीस वर्षांची आहे मास्तर, मला तेवढा वेळ नाही. येत नसाल तर नका येऊ. आम्ही आणखी चादरी फाडू."

मास्तर पुढच्या रविवारी आले. जयवंतीने आणलेल्या बोंबलाच्या सुक्यावर आणि गरम भाकरीवर ताव मारला, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कर सुरुवात."

प्रिस्काने सवयीने कॉलरचे तुकडे उचलले. मास्तरांनी तिच्या हातावर टेप मारली. "हे काय? गळा कुठे आहे?"

"गळा मग कापते ना, कॉलरच्या मापाने."

मास्तरांनी टेप खाली ठेवली. "बाई, माणूस आधी जन्माला येतो का कॉलर?"

खोलीत सगळ्या हसल्या, विनी तर पोट धरून. प्रिस्काही हसली, आणि हसता हसता तिला एकदम भरून आलं. इतकी वर्षं तिच्या हातून हजारो माणसांच्या कॉलरी गेल्या होत्या आणि तिने एकाही माणसाच्या गळ्याला टेप लावली नव्हती. तिने क्लेमेंटला हाक मारली, दारात उभं केलं आणि मान वर करायला सांगितली. त्याच्या गळ्याभोवती टेप फिरवली. मग खांदे, छाती, हाताची लांबी. वर्षभर रविवार मोडले. पहिला शर्ट क्लेमेंटला काखेत काचला, दुसरा पाठीवर फुगला. तिसरा त्याने घातला आणि न बोलता तसाच वाडीत कामाला निघून गेला. संध्याकाळी तो मातीने माखलेला शर्ट धुताना प्रिस्का गाणं म्हणत होती.

आणि नव्व्याण्णव साली साहेबांनी सगळ्यांना एकत्र करून सांगितलं. कारखाना सिल्वासाला चालला. काही जणींना नेऊ, तिथे राहायची सोय करू. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

प्रिस्काला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांच्या समोर चहा होता, तिच्यासाठीही मागवला होता.

"तू येशील ना? खोली देतो."

"येईन. मास्तरांच्या टेबलावर बसवलंत तर येईन. मुंबईचा तुमचा माणूस सिल्वासाला यायला तयार नाही, हे मला माहीत आहे. सॅम्पल मी करीन. अख्खा शर्ट येतो मला."

साहेबांनी कप खाली ठेवला. रविवारची बातमी त्यांच्यापर्यंत केव्हाच पोचली होती. "तू कॉलरवर ये. सॅम्पलचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

आता साहेबांचा आवाज चढला. "हे बघ प्रिस्का, पूर्वी तुझ्यावाचून माझं अडत होतं, म्हणून मी तुझे लाड केले. आता तुझी कॉलर पाच जणींना येते. कुणी शिकवली? तूच. स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतलास. आता कॉलरवर यायचं असेल तर ये, नाहीतर मला दुसरी मिळेल. आणि बाहेर तुला विचारतं कोण? बाहेर तुझी ओळख काय, सांग ना?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता. प्रिस्काच्या हातात दुसरी नोकरी नव्हती, क्लेमेंटच्या केळीला त्या वर्षी भाव नव्हता, आणि खरंच, तिने आपल्या हाताने आपली जागा पाच जणींत वाटली होती. एक शब्द मवाळ बोलली असती तर खोली मिळाली असती, पगार मिळाला असता, पुन्हा तीच कॉलर मिळाली असती. तिने चहाचा कप उचलला, उभ्या उभ्याच संपवला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आता माझ्यावाचून तुमचं अडत नाही. त्याच्यासाठीच तर मी वर्षभर रविवार घालवले. कारण आता तुमच्यावाचून माझंही अडत नाही."

ती बाहेर आली. जयवंती दाराशीच होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"बोललीस खरी," जयवंती म्हणाली. "खरंच नाय अडत का गं?"

"माहीत नाही," प्रिस्का म्हणाली. "पण आता ते खरं करून दाखवायला लागेल."

लाईनीतल्या दोघी सिल्वासाला गेल्या. घरची गरज होती, त्यांचा राग कुणी धरला नाही, आणि एकीला तर तिथे पोचल्यावर दोन कामं येतात म्हणून लाईन सांभाळायला दिली. जयवंती नाही गेली. तिचा नवरा होडीवर, अर्नाळा सोडून ती जाणार कुठे? एका सोमवारी सकाळी ती आणि प्रिस्का गोखिवऱ्याच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. दोघींनी जाताना मोगऱ्याचा गजरा घातला होता. जयवंतीचं म्हणणं, मागायला जातो तेव्हा माणसाने मागत्यासारखं दिसू नये.

उन्नतीने प्रिस्काला ओळखलं. "तुम्ही त्या कॉलरवाल्या ना? तुमच्या साहेबांचे शर्ट मी बघितले आहेत. खरं सांगते, तशी कॉलर मी कुठे बघितली नाही." ती उठली, शेल्फवरून पांढऱ्या कापडाचे कापलेले तुकडे आणि कॉलरच्या आत घालायचं कडक बकरम काढून तिने टेबलावर ठेवलं. "आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या शाळेचं काम मिळतंय. कॉलरसाठी वेगळी बाई ठेवायचा विचार आहे. तेवढी एक करून दाखवा. पसंत पडली तर आजपासून या."

जयवंतीने प्रिस्काच्या दंडाला चिमटा काढला. हो म्हण, असा त्या चिमट्याचा अर्थ होता. नोकरी समोर टेबलावर पडली होती. तुकडे कापलेले, बकरम तयार, दोरा तिच्या हाताला डोळे मिटून ठाऊक. पंधरा मिनिटांचं काम. आणि मग पुन्हा दहा वर्षं.

प्रिस्काने ते तुकडे गोळा केले, नीट घडी घातली आणि उन्नतीच्या हातात परत दिले.

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच मला सांगितलंत की माझी नऊ वर्षं इकडे आणता येत नाहीत. मी ती तिकडेच ठेवून आले. नुसती कॉलर बघायची असेल तर मी चालले. ही जयवंती करते माझ्यासारखी कॉलर, आणि काज तर माझ्याहून चांगलं करते. पण तिलाही अख्ख्या कामावर घेणार असाल तरच ती बसेल."

"आता गं?" जयवंती पुटपुटली, पण जागची हलली नाही.

उन्नतीने कापडाचा एक अख्खा तागा टेबलावर आपटला. "ठीक आहे. करा अख्खा शर्ट. मला बसेल असा. बसला तर दोघींचं बघू. पण कापड वाया गेलं तर मला तोंड दाखवू नका."

"कापड नाही वाया जाणार," प्रिस्का म्हणाली.

तिने पिशवीतून टेप काढली. हिलरी मास्तरांची जुनी टेप, त्यांनी शेवटच्या रविवारी तिच्या हातात ठेवलेली, आकडे पुसट झालेली. उन्नती अजून टेबलापलीकडे मॅनेजरसारखी उभी होती. प्रिस्का टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर गेली.

"मान वर करा," ती म्हणाली. "आधी गळा."

उन्नतीने मान वर केली.